चार फूट पाणी तीन फूट दिसतं

तलावाच्या काठावर निळ्या रंगात ‘4 फूट’ असं ठळक लिहिलेलं होतं आणि माझी सात वर्षांची लेक ते मानायला तयार नव्हती. काठाशी उकिडवी बसून ती बराच वेळ तळाच्या फरशांकडे बघत राहिली. ‘आई, हे तीनच फूट आहे. रंगाऱ्यानं चुकीचं लिहिलंय.’ तिची उंची तेव्हा पावणेचार फूट. तिच्या अंदाजानं पाणी छातीपर्यंत येणार होतं. प्रत्यक्षात ते डोक्यावरून गेलं असतं. आम्ही सुतळीला दगड बांधून तळाशी सोडला, ओल्या सुतळीवर गाठ मारली आणि घरून आणलेल्या टेपनं मोजलं. चार फूट भरलं.

घरी आल्यावर पातेल्यात एक रुपयाचं नाणं ठेवलं. नाणं कडेआड दिसेनासं होईपर्यंत तिला मागे सरकवलं आणि पातेल्यात हळूहळू पाणी ओतलं. जागची न हलता तिला नाणं पुन्हा दिसायला लागलं. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, म्हणून तळ वर आल्यासारखा भासतो. सरळ खाली पाहिलं तर खरी खोली दिसणाऱ्या खोलीच्या सव्वापटीहून थोडी जास्त असते, म्हणजे नेमकं सांगायचं तर चारास तीन. तिरकं पाहिलं की फसगत आणखी वाढते. पाठ्यपुस्तकात याला अपवर्तन म्हणतात, माझ्या वेळी वक्रीभवन म्हणत. शाळेत हा धडा दहावीत येतो. खाणीत साठलेल्या पाण्यात उडी मारणारी पोरं दहावीपर्यंत थांबत नाहीत.

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. लहान मुलांना पोहायला शिकवणं हा मे महिन्याच्या सुट्टीतला विरंगुळा मानणं चूक आहे. भाषा आणि गणित यांच्या बरोबरीनं त्याला अभ्यासात जागा हवी, आणि बाकीचे विषय त्या पाण्यातूनच वर यायला हवेत. आमच्यासारख्या घरी शिकवणाऱ्या कुटुंबांना तर हे टाळायला कोणतीच सबब नाही, कारण आमच्याकडे घंटा नाही, तास नाहीत, ‘पोर्शन’ संपवायची घाई नाही.

मात्र ‘सगळे विषय पोहण्यातून’ असं म्हटलं की जे बहुतेकदा केलं जातं, त्याला माझा ठाम विरोध आहे. वर्कशीटवर पाच पोहणारी मुलं काढायची, दोन बाहेर आली तर किती उरली विचारायचं, आणि झालं गणित. माशाचं चित्र रंगवलं, झालं विज्ञान. पाण्यावरची एक कविता पाठ केली, झाली भाषा. यात पोहण्याच्या जागी आंबे ठेवले तरी काहीच बिघडत नाही, आणि हीच त्याची परीक्षा आहे. जो प्रश्न पाण्याशिवाय सुचलाच नसता आणि ज्याचं उत्तर पाण्यात उतरताना मुलाच्या उपयोगी पडणार आहे, तोच प्रश्न अभ्यासात घ्यावा. क्रमही मी ठरवून टाकला आहे: आधी अंग ओलं होईल, मग प्रश्न येईल, मग पुस्तक उघडेल. घरी शिकवणारे आम्ही पालक साहित्य जमवण्यात फार रमतो. छापील चित्रं, चार्ट, रंगीत फोल्डर यांत आठवडे जातात आणि मूल मात्र एकदाही पाण्यात तोंड घालत नाही. तसल्या अभ्यासापेक्षा विहिरीच्या पायरीवर बसून पाय बुडवलेले बरे.

गणिताचंच घ्या. आमचा तलाव 25 मीटर लांब, 10 मीटर रुंद, आणि सरासरी सव्वा मीटरला थोडा कमी, 1.2 मीटर खोल. गुणाकार केला की 300 घनमीटर, म्हणजे 3 लाख लिटर. हा आकडा मुलांना काही सांगत नाही. दहा हजार लिटरचे तीस टँकर म्हटल्यावर थोडंफार सांगतो. पण खरी गंमत पावसाळ्यात आली. ‘खडकवासल्यातून मुठेत 30 हजार क्युसेकनं विसर्ग’ अशी बातमी पुण्यात पावसाळ्यात आपण वाचतो आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की नाही एवढं पाहून पान उलटतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे 28.3 लिटर. लेकीनं वहीत हिशेब मांडला. 30 हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला साडेआठ लाख लिटरच्या आसपास. ‘म्हणजे एका सेकंदात आपले जवळजवळ तीन तलाव?’ तिनं विचारलं आणि पेन्सिल खाली ठेवली. जो तलाव पार करायला तिला एकवीस दिवस शिकावं लागलं होतं, तसे तीन तलाव एका सेकंदात तिच्यासमोरून वाहून जात होते. मोठ्या संख्यांची अशी ओळख मला कोणत्याही पुस्तकातून करून देता आली नसती.

मग आम्ही वेग मोजला. नदीकाठच्या रस्त्याच्या कठड्यामागे उभं राहून दोन दिव्यांच्या खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं, 40 मीटर आलं, आणि जलपर्णीचा एक पुंजका एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जायला किती सेकंद घेतो ते पाहिलं. वीस. सेकंदाला दोन मीटर. आता मुरलीकांत पेटकरांची गोष्ट मुलांना माहीत होती. सांगली जिल्ह्यातला हा जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला, कमरेखालची ताकद गेली, आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यानं 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. वेळ 37.33 सेकंद, त्यांच्या गटातला जागतिक विक्रम. भागाकार केला तर सेकंदाला 1.34 मीटर येतात. माझ्या धाकट्यानं, तो सहा वर्षांचा आहे, दोन्ही आकड्यांकडे पाहून सरळ विचारलं, ‘मग पेटकर आजोबा या पाण्यात उलटे पोहले तर?’ मागेच जातील. सेकंदाला पाऊण मीटरला थोडं कमी, एवढं मागे. विक्रम करणारा माणूस जिथे पुढे सरकू शकत नाही, तिथे आपण कोण? पुराच्या पाण्यात उतरू नये हे मी त्याला शंभरदा सांगितलं असतं. त्या भागाकारानं ते एकदाच सांगितलं.

पोहता आलं की मुलं धीट होतात आणि धीट मुलंच बुडतात, असा आक्षेप घेणारे पुष्कळ भेटतात. आक्षेप पोकळ नाही. 30 जून 2024 ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात पुण्याहून सहलीला गेलेल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत चार मुलं. तो प्रसंग ज्यांनी पडद्यावर पाहिला त्यांना ते एकमेकांना धरून उभे असलेले, आणि पाणी वाढत गेलेलं, विसरता येणार नाही. तिथे हात मारायला येऊन उपयोग नव्हता. उपयोग होता तो डोंगरावर पाऊस पडत असताना ओढ्याच्या मधल्या खडकावर न जाण्याचा, पाणी गढूळ होऊ लागलं की निघण्याचा, शेवाळाच्या फरशीवर पाय न ठेवण्याचा. म्हणूनच नुसतं पोहणं शिकवणं अपुरं आहे. भूगोल नसलेलं पोहणं धोक्याचं, आणि पोहणं नसलेला भूगोल निरुपयोगी.

आपल्याकडे ‘जलसाक्षरता’ हा शब्द रुळला आहे, पण त्यात पाणी वाचवणं एवढंच येतं, पाण्यापासून वाचणं येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 2021 साली जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली, आणि त्यांतला साधारण चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. संघटना काय सुचवते तेही पाहण्यासारखं आहे. अगदी लहान मुलांसाठी कुंपण, झाकण आणि सतत लक्ष. सहा वर्षांवरच्या मुलांना पोहण्याचं आणि पाण्यातल्या सुरक्षिततेचं मूलभूत शिक्षण. आणि भोवतीच्या माणसांना सुटकेचं व प्रथमोपचाराचं ज्ञान. याच विषयासाठी संयुक्त राष्ट्रांनी 25 जुलै हा दिवस नेमला आहे. 2024 च्या त्याच तारखेला, 25 जुलैला, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं होतं. आमच्या घरी त्या दिवशी अभ्यास झाला नाही. मुलं दिवसभर ओळखीच्यांकडून येणारे फोन ऐकत होती.

भाषेचा तास मात्र हसत-खेळत होतो, आणि इथे मराठीनं आम्हाला भरभरून दिलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळ आणि विषय यांची सांगड घालण्याबद्दल लिहिलं आहे. ही ‘सांगड’ म्हणजे काय, हे मी मुलांना विचारलं. पूर्वी नदी ओलांडायला दोन सुके भोपळे किंवा दोन लहान होड्या एकत्र बांधत, त्या तराफ्याला सांगड म्हणत. ‘कास धरणे’ हा वाक्प्रचार आपण देवाधर्माच्या संदर्भात वापरतो. ‘कासेला लागणे’ म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याच्या कमरेचं वस्त्र धरून पैलतीराला जाणं. ‘थांग लागत नाही’ म्हणताना थांग म्हणजे पाण्याचा तळ. गटांगळ्या खाणं, नाकातोंडात पाणी जाणं, बुडत्याचा पाय खोलात. जो तलावात एकदा खरी गटांगळी खाऊन आला आहे, त्याला हे वाक्प्रचार समजावून सांगावे लागत नाहीत. आणि ‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण तर शरीरशास्त्राचा धडाच आहे. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ‘वाचवा’ असं ओरडत नाही; श्वास घ्यायलाच सवड नसते, तो ओरडणार कुठून? तो गुपचूप खाली जातो आणि जे हाताला लागेल ते घट्ट धरतो, वाचवायला आलेल्या माणसाची मानसुद्धा. एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा अशी भावंडं जातात ती यामुळे. म्हणून आमच्या घरचा नियम: आरडाओरड करायची, काठी पुढे करायची, दोर किंवा ओढणी फेकायची, 112 किंवा 108 ला फोन करायला लावायचं, आपण उतरायचं नाही. आम्ही ओढणी मोजली, अडीच मीटर भरली. आजीची साडी साडेपाच मीटर. कडेला पाणी भरलेली बंद बाटली बांधली की ती नेम धरून फेकता येते. अंगणात हा सराव करताना पोरांना जे भान येतं ते ‘सुरक्षितता सप्ताहा’च्या भाषणातून येत नाही. बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही, श्वास थांबला असेल तर तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं ताबडतोब सुरू करायचं, हे मी स्वतः एका प्रशिक्षणात शिकले आणि घरातल्या सगळ्यांना शिकवलं.

आजीच्या साडीवरून इतिहासाकडे येते. माझी आई 12 जुलै 1961 ला नऊ वर्षांची होती. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि शनिवार पेठेतल्या त्यांच्या वाड्यात पाणी चढत गेलं तेव्हा तिला कुणीतरी कडेवर घेऊन उंचावरच्या ओळखीच्या घरी पोचवलं. आमच्या घरात आजही काळाची मोजणी ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ अशी होते. लेकीनं आजीची मुलाखत घेतली, तेव्हा एक गोष्ट मलाही नव्यानं कळली. त्या दिवसानंतर आईनं गुडघ्याच्या वर पाण्यात पाय ठेवलेला नाही. आणि तिनं मलाही ठेवू दिला नाही. मामाच्या गावी भाऊ कमरेला डबा बांधून विहिरीत मुटके मारायचे आणि मी पायरीवर त्यांचे कपडे सांभाळत बसायची. मी पोहायला शिकले छत्तिसाव्या वर्षी, मुलीबरोबर, त्याच बॅचमध्ये. भीती अशी तीन पिढ्या उतरत येते आणि ती बहुतेकदा मुलींच्या वाट्याला जास्त येते, हे समाजशास्त्रच आहे.

पुण्याचा इतिहास तर पाण्याच्या कडेकडेनंच सांगता येतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ बांधून शहरात पाणी आणलं आणि पेठांमधून हौद भरले. फडके हौद चौकातून जाताना ‘हौद कुठाय?’ असं मूल विचारतं. सारसबागेत ‘तळ्यातला गणपती’ म्हटलं की ‘तळं कुठाय?’ विचारतं. पर्वतीच्या पायथ्याशी तळं होतं, गणपती बेटावर होता, तळं बुजलं, बाग झाली. आणि गंज पेठेत जोतीराव फुल्यांच्या वाड्यातला हौद आहे, जो त्यांनी 1868 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. तिथे उभं राहून माझ्या मुलीनं विचारलं की पाणी कुणाचं असतं. त्यापुढे महाडचं चवदार तळं, 20 मार्च 1927, हे आपसूक आलं. पाण्यात कुणाला उतरू द्यायचं हा या प्रांतातला फार जुना आणि फार कडवट प्रश्न आहे. पोहण्याचा अभ्यास करताना तो टाळला तर तो अभ्यास अप्रामाणिक ठरेल.

आणि तो प्रश्न संपलेला नाही. आज दार जातीचं नसेल, पावतीचं आहे. माझ्या मुलांना मी तलावावर नेऊ शकते, कारण मला फी परवडते, दुपारची वेळ मोकळी आहे आणि दुचाकी आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी माझ्या लेकीएवढीच आहे, कालव्याच्या कडेला राहते, म्हणजे पाण्याच्या कितीतरी जवळ, आणि तिला पोहायला शिकवायचा विचारही कुणाच्या मनात आलेला नव्हता. धोका ज्यांच्या दारात आहे त्यांना शिक्षण नाही आणि ज्यांना शिक्षण आहे ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. घरी शिकवणारे पालक आपल्याच वर्तुळात राहतात हा आरोप आमच्यावर होतो, आणि या बाबतीत तो खरा आहे.

जिथे शिकवलं जातं तिथेही काय शिकवलं जातं ते पाहावं. आमच्या पहिल्या बॅचमध्ये एकवीस दिवसांत ‘25 मीटर करवून देतो’ असं सांगितलं गेलं आणि त्यांनी ते करवून दिलंही. लेकीला प्रमाणपत्र मिळालं. आठवड्याभरानं मी तिला फ्रॉक आणि लेगिंग घालून, स्वतः हाताशी उभी राहून, त्याच पाण्यात उतरवलं. ती चार हात मारून घाबरली आणि मला बिलगली. माणूस स्विमिंग कॉश्च्यूम घालून विहिरीत पडत नाही. नेदरलँड्समध्ये मुलांना पोहण्याच्या पहिल्याच परीक्षेत अंगावर कपडे असताना पोहून दाखवावं लागतं. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळा सोडण्याआधी मुलाला 25 मीटर पोहता यावं आणि पाण्यात स्वतःचा जीव वाचवता यावा, दोन्ही लिहिलेलं आहे. आपण फक्त पहिला अर्धा भाग उचलला आहे, आणि तोही हौसेपुरता.

आम्ही मग वेग सोडून दिला. सहा आठवडे एकच काम: उताणं पडून तरंगणं. छातीत हवा भरून घेतली की अंग वर येतं, सोडली की खाली जातं; फुप्फुसं म्हणजे आपल्या आतली सांगड. हे कळल्यावर धाकटा तासभर श्वासाचेच प्रयोग करत बसला. त्यानंतर कपड्यांसकट तरंगणं, वळणं, काठ गाठणं. पोहण्याच्या स्पर्धा, पदकं यांना माझा विरोध नाही. ‘ओशन्स सेव्हन’ म्हणतात त्या सातही सामुद्रधुन्या पोहून जाणारा पहिला आशियाई, रोहन मोरे, याच शहरातला आहे आणि 2018 साली त्यानं न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून ती साखळी पुरी केली. त्या सातही जागा आम्ही नकाशावर शोधल्या. पण सामुद्रधुनी शंभरातला एखादाच पार करतो आणि उताणं तरंगणं शंभरही मुलांना येऊ शकतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आमच्या भागातला तलाव सकाळी आणि संध्याकाळी गच्च असतो. दुपारी अकरा ते तीन तिथे पाण्यावर सावलीशिवाय काही नसतं. त्या वेळात घरी शिकणारी मुलं आणि जवळच्या पालिका शाळेतली मुलं यांची एकत्र बॅच का होऊ नये? घरी शिकवणाऱ्या पालकांकडे दुपारचा वेळ आहे, काठावर लक्ष ठेवायला माणसं आहेत, आणि गणितापासून इतिहासापर्यंतचा हा अभ्यास तयार आहे. जीवरक्षक आणि प्रशिक्षक पगारीच हवेत, त्याचा खर्च शहरानं करावा; जे शहर दर पावसाळ्यात नदीकाठी दोर आणि होड्या घेऊन उभं राहतं, त्याला हा खर्च जड नाही. आम्ही सात कुटुंबांनी मिळून तसा अर्ज दिला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

तोवर कालव्याकडेची ती मुलगी शनिवारी आमच्याबरोबर येते. तिच्या आईला राजी करायला दोन महिने लागले. पहिल्या दिवशी त्या स्वतः काठावर पदर खोचून उभ्या होत्या, मध्येच उडी घ्यावी लागली तर म्हणून, आणि त्यांना पोहता येत नाही. माझ्या लेकीनं तिच्या मैत्रिणीला आधी काठावर बसवलं, तळाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ‘किती खोल वाटतंय?’ ती म्हणाली, ‘तीन.’ लेकीनं तिच्या हातात दगड बांधलेली सुतळी दिली.